फांदीचा ब्रेक

"वरते काय काम होतं तुमाले?"

चिखलदऱ्याहून उतरलो आणि धामणगाव गढीला चहाला थांबलो, तेव्हा बाकावरच्या आजोबांनी विचारलं. म्हटलं, काम काही नाही, सहज. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सहज? घाट?"

हौस दाखवायला मोबाईलमधला आरे-वारेचा फोटो काढला. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना रस्ता टेकडीवरून वळतो आणि खाली एकदम समुद्रच. तिथले चढ तसे छोटे, पण एक संपला की दुसरा तयार, वर अंगाला चिकटणारी दमट हवा. आपला घाट मात्र एकदाच काय ते वसूल करतो, चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर.

आजोबांनी फोटो लांब धरून पाहिला. "पानी लय हाये," म्हणाले. बस एवढंच.

मग माझे डिस्क ब्रेक बोटानं दाबून पाहिले. "आमी खव्याचे डबे घेऊन उतरो ना जी. ब्रेक पुरत नव्हते. मांगं झाडाची फांदी बांधो, ते घासत ये."

फांदी! मी त्याच उतारावर दरीचे फोटो काढत, हेल्मेट सरळ करत आलो होतो.

"मंग दरी पाहत होते का तुमी?" मी विचारलं.

"फांदी तुटली का, ते पाहो."

चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. परतवाड्यापर्यंत उगाच मागे वळून पाहत होतो.

तुमच्या घरी कोणी असं घाटातून सायकल उतरवलेलं आहे का?