२ ओहमवर ४०० वॅट: जोड्या अँपिअर बघून ठरवू नका

८ ओहमचे चार बास बॉक्स पॅरलल जोडले की ॲम्पला २ ओहम दिसतात. गणपतीच्या मंडपात हे सर्रास होतं आणि ४ ओहमसाठी बांधलेली आउटपुट स्टेज (स्पीकरला करंट देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) तिथेच उडते. मग सगळा दोष ‘डुप्लिकेट ट्रान्झिस्टर’वर जातो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण अशा बऱ्याच ॲम्पमध्ये अस्सल ट्रान्झिस्टरही टिकला नसता. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्यांची (प्रत्येक जोडीत एक प्लस बाजूचा, एक मायनस बाजूचा) संख्या चुकीच्या आकड्यावरून ठरवलेली असते.

२ ओहमवर ४०० वॅट म्हणजे शिखराला ४० व्होल्ट आणि २० अँपिअर. ट्रान्झिस्टर, एमिटर रेझिस्टर आणि रिपल (सप्लायची लहर) यांत जाणारे व्होल्ट धरले, तर भाराखाली रेल, म्हणजे ॲम्पचा प्लस-मायनस सप्लाय, ±५० व्होल्ट लागतात. आता एमजेएल २११९३/२११९४ ही जोडी घ्या: १६ अँपिअर, २५० व्होल्ट, २०० वॅट. चार जोड्या लावल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५ अँपिअर येतात. कागदावर ऐसपैस वाटतं, आणि फसगत होते ती इथेच.

भार शुद्ध रेझिस्टर असेल तर करंट शिखरावर असताना ट्रान्झिस्टरवर १० व्होल्टच उरतात. सगळ्यात वाईट क्षण आउटपुट २५ व्होल्टवर असताना येतो: २५ गुणिले १२.५, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या ट्रान्झिस्टरवर मिळून ३१२ वॅट. पण स्पीकर रेझिस्टर नाही. करंट व्होल्टेजच्या ४५ अंश मागे असेल, तर आउटपुट शून्यावर आलेलं असतानाही १४ अँपिअर वाहत असतात. तेव्हा ट्रान्झिस्टरवर पूर्ण रेल असते. ५० गुणिले १४, म्हणजे ७०० वॅट. दुपटीहून जास्त!

चार जोड्यांत प्रत्येकाला ३.५ अँपिअर, म्हणजे १७५ वॅट. डेटाशीट ५० व्होल्टला एका सेकंदासाठी ४ अँपिअर देते, म्हणून हेही बसल्यासारखं वाटतं. मात्र तो आकडा केस (ट्रान्झिस्टरचं बाहेरचं आवरण) २५ अंशांवर असतानाचा आहे. २५ च्या वर प्रत्येक अंशाला १.४३ वॅट कमी करा. केस ८० अंशांवर गेली की २०० चे १२१ वॅट उरतात, म्हणजे ५० व्होल्टला २.४ अँपिअर. सहा जोड्यांत प्रत्येकाला साधारण २.३५ अँपिअर येतात, आणि तेव्हा कुठे हिशेब जुळतो. बासचा अर्धा फेरा १०-१५ मिलिसेकंदांचा असतो, मर्यादा एका सेकंदाची, त्यामुळे थोडी मोकळीक मिळते. ती खर्च करू नका. लाइन २३० ऐवजी २५० झाली की रेलही ८-९ टक्क्यांनी चढते. बोर्डवर जागा असेल तर आठ जोड्या लावाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. २एससी५२००/२एसए१९४३ वापरायचे असतील, तर १५० वॅटचे ८० अंशांवर ८४ उरतात आणि नुसत्या उष्णतेच्या हिशेबानेच नऊ जोड्या होतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, ट्रान्झिस्टर घेतल्यावर प्रत्येक नग हीटसिंकवर आवळून ५० व्होल्ट, २ अँपिअर, एक सेकंद असा तपासा. आत लहान चिप असलेला नकली नग बहुतेक वेळा इथेच शॉर्ट होतो. मीटरवर फक्त गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट वाहतो तो आकडा) बघून नकली माल ओळखता येत नाही.

ड्रायव्हरचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसना करंट पुरवणाऱ्या जोडीचा, हिशेबही २ ओहमवर बदलतो. गेन ३० धरला तर २० अँपिअरसाठी बेसना मिळून ०.६७ अँपिअर लागतात. एमजेई १५०३२/१५०३३ चा गेन ५० धरला तर मागच्या स्टेजकडे १३ मिलिअँपिअरची मागणी जाते. ती स्टेज स्वतः १० मिलिअँपिअरवर चालत असते, म्हणून शिखरं आधीच चपटी होतात. उपाय म्हणजे ट्रिपल: ड्रायव्हरच्या आधी आणखी एक जोडी. दोन्ही ड्रायव्हरच्या एमिटरांच्या मधोमध एकच ४७ ओहम टाका. आउटपुटच्या तारेला जोडू नका, नाहीतर बंद होणाऱ्या बेसमधला चार्ज ओढून काढायला वाट उरत नाही.

एमिटर रेझिस्टर ०.२२ ओहम, ५ वॅट. बेसला प्रत्येकी ४.७ ओहम. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट, ०.२२ वर १० मिलिव्होल्ट दिसतील इतका ठेवा. सहा जोड्यांचे मिळून साधारण २७० मिलिअँपिअर होतात आणि मोकळी रेल ±५५ धरली तर नुसतं बसून ३० वॅट जळतात. २२ मिलिव्होल्टला क्रॉसओव्हर (प्लस आणि मायनस बाजूंमधला सांधा) आणखी गुळगुळीत होतो, पण ६५ वॅट तापतात. बास ॲम्पला ते नको.

ट्रान्सफॉर्मर ४०-०-४०, १००० व्हीए. फिल्टर प्रत्येक रेलला १०,००० मायक्रोफॅरडचे चार, ८० व्होल्टचे. ३० हर्ट्झला एकच रेल सलग १६ मिलिसेकंद सरासरी १३ अँपिअर देते. ४०,००० मायक्रोफॅरडवर रेल दोन चार्जच्या मध्ये अडीच व्होल्ट खचते, १०,००० वर दहा.

आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत ग्राउंडकडे, मग कॉइल: १५ मिमी दांड्यावर १६ गेज तारेचे १२ वेढे, साधारण दीड मायक्रोहेन्री. फीडबॅक एमिटर रेझिस्टर एकत्र येतात त्या पट्टीच्या मध्यातून घ्या, टोकातून नको. संरक्षणाच्या रिलेत नेहमी एक चूक दिसते. ॲम्प शॉर्ट होऊन ५० व्होल्ट डीसी आला की उघडणाऱ्या संपर्कांत ठिणगी चालूच राहते आणि स्पीकर जळतो. रिलेचा कॉमन स्पीकरला, रिले सुटल्यावर जुळणारा संपर्क ग्राउंडला जोडा, म्हणजे ठिणगी ग्राउंडकडे वळते आणि फ्यूज जातो.

पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये १०० वॅटचा बल्ब मालिकेत ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. मग बल्ब काढून डमी भार: आधी ८, मग ४, शेवटी २ ओहम. ८ ओहम १०० वॅटचे चार वायरवाउंड पॅरलल करून पाण्याच्या बादलीत सोडले की चाचणीपुरते टिकतात. ऑसिलोस्कोपवर साइनच्या एकाच बाजूची रेघ जाडसर, केसाळ दिसली तर त्या बाजूचे ट्रान्झिस्टर मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट करताहेत. तसंच पुढे गेलात तर ते काही मिनिटांत जातील. कलेक्टरजवळ १०० आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा आणि रेलच्या तारा पीळ देऊन आखूड करा.

आणि केबल. २.५ चौरस मिमीची १० मीटर केबल येण्या-जाण्याचे ०.१४ ओहम घालते. ८ ओहमवर ते नगण्य असतात. २ ओहमवर पूर्ण आवाजात २४ वॅट केबलच खाते. चार बॉक्सना ॲम्पपासून वेगवेगळ्या केबल न्या.