ठोकळा सरकत नव्हता

राळेगाव तालुक्यातील एका कापसाच्या जिनिंगमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, मोटरच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या एका शाफ्टचे, पायावर बोल्टने बसवलेल्या लोखंडी ठोकळ्यातले बेअरिंग वारंवार तापू लागले. "सर, पट्टा ताणला का ठोकळाच सरकून राह्यला," असे तिथले मिस्त्री मला सांगत होते, आणि मालकांनी तर पाया फोडण्याची तयारी चालवली होती.

रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, सुरू होण्यापूर्वी, पहाटे सहाला मी तिथे पोहोचलो. माझ्याकडे 650 नॅनोमीटरचा लाल लेसर आणि भिंग काढलेला कॅमेरा एवढेच साहित्य होते. खडबडीत पृष्ठभागावर लेसर पडला की परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून दाणेदार नक्षी तयार होते आणि पृष्ठभाग हलला की तीही हलते. होलोग्राफी करणाऱ्यांना ही नक्षी अडचणच वाटे. मला तीच हवी होती. पहिला अर्धा तास मात्र ग्रीसने खाल्ला, कारण ठोकळ्यावरच्या तेलकट थरामुळे नक्षी उकळत्या दुधासारखी हलत होती. रॉकेलने पुसून पॉलिश कागद मारल्यावर ती स्थिर झाली.

कॅमेरा वरून, अर्ध्या मीटरवर, पायापासून दूर रोवलेल्या घोडीवजा स्टँडवर बसवला. पट्टा सैल असतानाचे आणि ताणल्यानंतरचे चित्र जुळवले, तर नक्षी मोटरच्या दिशेने 0.2 मिलिमीटर सरकली होती. मिस्त्रींचा चेहरा खुलला. पण समांतर झोतात ठोकळा नुसता सरकला, तर नक्षीही तेवढीच सरकते, कॅमेरा कितीही दूर असो. तो कलला, तर मात्र नक्षी कलाच्या दुप्पट कोनात वळते आणि तिचे सरकणे अंतरासोबत वाढते. म्हणून कॅमेरा एक मीटरवर नेला. दाणे दुप्पट मोठे दिसू लागले, आणि पट्टा पुन्हा ताणल्यावर सरकणे 0.4 मिलिमीटर भरले.

म्हणजे ठोकळा कलत होता, 0.0002 रेडियनने, तीस सेंटिमीटर लांबीवर याचा अर्थ एका कडेला 0.06 मिलिमीटरची उचल. पट्टा ताणलेलाच ठेवून मिस्त्रींनी मोटरच्या विरुद्ध कडेखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांपैकी, 0.05 मिलिमीटरची पाती घातली, ती सहज आत गेली, 0.10 ची अडली. त्या बाजूचे नट गंजून बोल्टला धरले होते, त्यामुळे पाना लावला की ते घट्टच वाटत. शिवाय मिस्त्रींनी आजवर ही फट तपासली होती, ती दर वेळी पट्टा उतरवून.