बर्लिन ते बुको : ब्रेख्तच्या मागावर

बर्लिनला जाऊन जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त पाहायचा म्हटलं की लोक फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशनला उतरतात, पूल ओलांडतात, त्याच्या नाट्यसंस्थेच्या, बर्लिनर आन्साम्बलच्या थिएटरसमोरच्या ब्राँझच्या ब्रेख्तशेजारी बसून फोटो काढतात आणि ब्रांडेनबुर्ग गेटकडे निघून जातात. पुतळा फ्रित्स क्रेमरचा आहे, चांगला आहे, पण तेवढ्याने काही हाती लागत नाही. माझं ऐकाल तर क्रम उलटा ठेवा. सकाळी घर, मग शेजारची दफनभूमी, संध्याकाळी नाटक. आणि आणखी एक दिवस काढता आला तर बुको, हे बर्लिनबाहेरचं तळ्याकाठचं गाव, जिथे त्याचं उन्हाळी घर होतं. तो दिवस काढाच, का ते पुढे येईलच.

घराचा पत्ता शोसेस्ट्रासे 125. यू-6 लाइनवर ओरानियनबुर्गर टोर किंवा नाटुरकुंडेम्युझेउम, कुठल्याही स्टेशनवरून पायी जाता येतं. इथे आपलं आपण हिंडता येत नाही. ठरलेल्या वेळी मार्गदर्शक आत नेतो आणि गट अगदी लहान असतो, त्यामुळे आधी बुकिंग करा. माहिती प्रामुख्याने जर्मनमध्ये सांगतात. भाषा येत नसेल तर ब्रेख्तचं चरित्र निदान ढोबळ तरी वाचून जा, नाहीतर आत गेल्यावर नुसत्या खुर्च्या-टेबलं दिसतील.

ब्रेख्त इथे 1953 मध्ये राहायला आला आणि 14 ऑगस्ट 1956 ला इथेच गेला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधीचा बराचसा काळ वणवण करण्यात गेलेला. 27 फेब्रुवारी 1933 ला राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने बर्लिन सोडलं. मग डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, तिथून मॉस्को-व्लादिवोस्तोकमार्गे अमेरिका. तिथेही 30 ऑक्टोबर 1947 ला ‘अमेरिकाविरोधी कारवायां’च्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी स्वारी विमानात. हे डोक्यात ठेवून त्या खोल्यांत शिरलात तर भिंतीवरचे जपानी नो नाटकातले मुखवटे आणि चिनी चित्राची गुंडाळी निव्वळ शोभेची वाटत नाही. गुंडाळीवर शंका घेणारा माणूस आहे. परागंदा असतानाही हे चित्र त्याने जवळ बाळगलं होतं आणि त्यावर एक कविताही लिहिली होती.

कामाची मोठी खोली सावकाश बघा. टेबलं एकाहून अधिक, बसायच्या जागा भरपूर. एकट्याने दार लावून लिहिणाऱ्याची ही खोली वाटत नाही. चार माणसांनी यावं, बसावं, हुज्जत घालावी अशी मांडणी आहे. निजायची खोली मात्र एवढीशी. अरुंद पलंग, फळीवर डिटेक्टिव्ह कादंबऱ्या, खुंटीला टोपी. कादंबऱ्या पाहून मला हसू आलं. प्रेक्षकाने भावनेत वाहून जाऊ नये, डोकं जागं ठेवावं असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला झोपताना खून कोणी केला याचं कोडं लागत होतं. त्याची बायको हेलेने वायगेल हिच्या खोल्याही दाखवतात. ती नाट्यसंस्थेची प्रमुख, मोठी नटी आणि जुन्या चिनी मातीच्या भांड्यांची शौकीन.

खिडकीतून खाली दिसते ती डोरोथीनश्टाट दफनभूमी. प्रवेशद्वार घराला लागूनच आहे, तिकीट नाही, नकाशाची पाटी आहे. तिचा मोबाइलवर फोटो काढून घ्या, कारण इथे हेगेल आहे, फिश्टे आहे, हाइनरिश मान, आना सेगर्स, हान्स आइस्लर, हाइनर म्युलर आहेत. ब्रेख्तची कबर म्हणजे एक ओबडधोबड दगड, त्यावर फक्त नाव. शेजारी वायगेल. इथवर सगळे येतात. पण एलिझाबेथ हाउप्टमान आणि रूथ बेर्लाऊ या त्याच्या सहकारी लेखिकांच्या कबरीही याच आवारात आहेत, त्या शोधा. ब्रेख्तचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ ज्या 1728 च्या इंग्रजी ऑपेरावरून उभा राहिला, तो जर्मनमध्ये आणला हाउप्टमानने. मानधनाच्या करारात तिचा वाटा साडेबारा टक्के, संगीतकार कुर्ट वाइलचा पंचवीस, आणि ब्रेख्तचा साडेबासष्ट. शोषणावर नाटकं लिहिणाऱ्याच्या घरचा हा हिशोब. याने त्याची नाटकं खोटी ठरत नाहीत असं माझं मत आहे, पण हा आकडा ठाऊक नसताना त्या कबरींपुढे उभं राहण्यात फारसा अर्थ नाही.

संध्याकाळचं नाटक म्हणजे शिफबावरडामवरचं बर्लिनर आन्साम्बलचं तेच थिएटर, जिथे 31 ऑगस्ट 1928 ला ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग झाला. पुलंनी याचाच ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, 1978 मध्ये जब्बार पटेलांनी तो थिएटर अकॅडमीकडून रंगमंचावर आणला. जाण्याआधी पुलंची संहिता वाचून जा, जर्मन येत नसेल तरी कथानक सुटत नाही. बॅरी कॉस्कीने बसवलेला ‘थ्री पेनी’ 2021 पासून इथे चालू आहे. वेळापत्रकात दिसला तर तिकीट काढून टाका. काही प्रयोगांना वर इंग्रजी अक्षरं दाखवतात, ते बुकिंगच्या वेळीच पाहा. वरच्या मजल्याची तिकिटं स्वस्त. एक मोठी खबरदारी: जर्मन थिएटरं उन्हाळ्यात सुट्टीवर जातात. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर ठीक, पण जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा कुलूपच दिसेल.

आत शिरलात की चकित व्हाल. इतकी सोनेरी नक्षी, गुबगुबीत बाळं, लाल मखमल! शेतकरी-कामगारांचं नाटक करणाऱ्याला हे असलं थिएटर? ब्रेख्तची संस्था 1949 मध्ये स्थापन झाली आणि 1954 मध्ये या वास्तूत आली. त्याने नक्षीला हात लावला नाही. फक्त जुन्या राजेशाही बॉक्सपाशी प्रशियाचा गरुड आहे, त्यावर लाल रंगाने फुली मारली. ती फुली अजून आहे. मध्यंतरात मान वर करून शोधा. मला तरी ब्रेख्तचं सगळं नाट्यशास्त्र त्या फुलीत दिसलं: चिन्ह पुसायचं नाही, ते दिसू द्यायचं आणि त्यावरचा आपला शेराही दिसू द्यायचा.

आता बुको. तिथे जाण्याआधी यू-5 ने वेबरवीझेला उतरून कार्ल-मार्क्स-अलेवर जरा चाला. तेव्हाची ही स्टालिनअले. जून 1953 मध्ये इथल्या बांधकाम मजुरांनी वाढीव कामाच्या सक्तीविरुद्ध संप केला आणि 17 जूनला सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. ब्रेख्तने पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रमुख उल्ब्रिश्टला पत्र लिहिलं. पक्षाच्या वर्तमानपत्राने त्यातलं निष्ठा व्यक्त करणारं शेवटचं वाक्य तेवढं छापलं, बाकी गिळलं. त्याच उन्हाळ्यात बुकोच्या तळ्याकाठी बसून त्याने जी कविता लिहिली तिचा मथितार्थ असा: जनतेने सरकारचा विश्वास गमावला असेल तर सरकारने जनताच बरखास्त करून दुसरी निवडावी, ते सोपं नाही का? जिवंतपणी त्याने ती छापली नाही. ती आली 1959 मध्ये, तीही पश्चिम जर्मनीत. भित्रा म्हणायचं की धोरणी, यावर आमच्या गटात रात्रभर भांडण झालं. मी ‘धोरणी’च्या बाजूचा, पण तळं पाहिल्यावर थोडा डळमळलो. जागा फार सुखाची आहे हो.

लिश्टेनबर्ग किंवा ओस्टक्रॉइत्सवरून म्युंचेबर्गची प्रादेशिक गाडी, पुढे बस. उन्हाळी हंगामात शनिवार-रविवारी तिथून बुकोपर्यंत हौशी मंडळींची छोटी जुनी रेल्वेही चालते, मुलं बरोबर असतील तर तीच घ्या. दोन-चार जण असाल तर ब्रांडेनबुर्ग-बर्लिन तिकीट घ्या, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खाणं शनिवारीच घेऊन ठेवा. बुकोतल्या त्याच्या घराचं आता संग्रहालय आहे, ते आठवड्यात काही दिवस बंद असतं आणि हिवाळ्यात वेळा कमी होतात.

तिथल्या बोटहाऊसमध्ये ब्रेख्तच्या ‘मदर करेज’ नाटकातली गाडी आहे, हेलेने वायगेलने 1949 पासून रंगमंचावर ओढलेली. चाकं, दांडा, मळलेलं कापड, सगळं जवळून दिसतं. ‘देवाजीने करुणा केली’ किंवा ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही ब्रेख्तच्या नाटकांची मराठी रूपं ज्यांनी पाहिलीत, विजयाबाई मेहतांच्या तालमींच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात, त्यांनी इथे घाई करू नये.

ऑग्सबुर्गचं जन्मघर म्युनिकला जाणार असाल तरच वाट वाकडी करून पाहा. फेब्रुवारीत तिथे ब्रेख्त महोत्सव असतो, तेव्हा गेलात तर फेरी सार्थकी लागते. एरवी तेवढ्या वेळात बुकोला दुसऱ्यांदा जा.