युफमधला हुडवा

झुरिकचे चार दिवस, भाच्याच्या बाळाचं बारसं, ल्युसर्नचा तलाव, हे सगळं फोटोंत आहे. त्यावर लिहायला मी बसलेली नाही. मला लिहायचंय ते एका जुन्या घराच्या भिंतीलगत, वळचणीखाली रचून ठेवलेल्या मेंढ्यांच्या शेणाच्या विटांच्या हुडव्याबद्दल, म्हणजे ढिगाबद्दल.

ते घर युफमध्ये आहे. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डन प्रांतात आव्हर्स नावाचं खोरं आहे, त्याच्या अगदी टोकाचं हे गाव. उंची २१२६ मीटर. बारमाही वस्ती असलेलं युरोपातलं सर्वांत उंच गाव अशी त्याची ख्याती आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिच्या माथ्यावरून आणखी ४८० मीटर चढायचं आणि तिथे हिवाळ्यासकट गुरं सांभाळून राहायचं. माणसं तीसेक.

भाचा म्हणाला, "मावशी, तिथं बघण्यासारखं काही नाहीये गं. टिटलिसला जाऊ, सगळे जातात." पण नकाशात रस्ता जिथे संपतो, त्या गावाला जायची ओढ मला लहानपणापासून आहे. कूर, तुसिस, आंडेर असं करत पोस्टाच्या पिवळ्या बसने निघालो. खालची फेरेराची दरी दाट झाडीची, अरुंद, सतत पाण्याचा आवाज. मग क्रेस्टा येतं. उतारावर एकटं पांढरं चर्च, आणि तिथून पुढे झाड नाही. एकही नाही. नुसतं गवत, दगड आणि मध्येच एखादं घर.

गाव म्हटलं की आपल्या मनात पांढरी आणि काळी वेगळी असते. पांढरीत घरं एकमेकांना टेकून, आणि भोवताली काळीत रानं. आव्हर्सला ही विभागणीच नाही. क्रेस्टा, प्युर्ट, आम बाख, युप्पा, युफ अशा वाड्या खोरंभर सांडल्यासारख्या दिसतात, आणि प्रत्येक घर स्वतःच्या कुरणात उभं. या उंचीवर धान्य पिकत नाही, फक्त गवत. तेही थोड्या आठवड्यांत कापून, वाळवून आत घ्यायचं, कारण निम्म्याहून जास्त वर्ष बर्फ. तीव्र उतारावरून वाळलं गवत लांब वाहून नेणं जिवावर येतं. म्हणून जिथे गवत तिथे गोठा, आणि जिथे गोठा तिथे घर. शेजारी किती लांब, हे गुरांच्या पोटाने ठरवलंय. त्यातही हिमलोट येत नाही अशीच जागा धरायची.

ही माणसं वाल्झर. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पूर्वज पश्चिमेकडच्या वालिसच्या वरच्या खोऱ्यातून खिंडी ओलांडत इथे आले. बाकी कुणाला नको असलेली उंच जमीन कसायची, लढाईला माणसं द्यायची, ठरलेला खंड भरायचा, आणि त्या बदल्यात वैयक्तिक स्वातंत्र्य आणि आपल्या मिराशीसारखा वंशपरंपरेचा हक्क. इतक्या थंड जागी कुणी का राहिलं याचं उत्तर मला तिथे मिळालं. १६२२ च्या आव्हर्सच्या कायदेग्रंथात त्यांनी लिहून ठेवलंय की देवाच्या कृपेने आम्हाला सुंदर स्वातंत्र्य आहे आणि त्या एका देवाखेरीज कुण्या परक्या राजाचं आम्ही काही देणं लागत नाही. मूठभर गुराख्यांचं हे वाक्य आहे. वाचताना अंगावर काटा आला.

बस थांबली. बरोबरचे पंधराएक प्रवासी उतरले, गावाच्या नावाच्या पाटीशी फोटो काढले आणि त्याच बसने परत गेले. याचा मला फार राग येतो. कुणाच्या दारापर्यंत जायचं आणि दाराकडे पाहायचंही नाही!

आम्ही थांबलो, म्हणून तो हुडवा दिसला.

आमच्या तासगावाकडे शेणींचा हुडवा रचतात तसाच नीट, एकावर एक. फक्त शेणी गोल नव्हत्या, चौकोनी होत्या. मी वाकून वास घेतला तेवढ्यात घरातून सत्तरीच्या बाई बाहेर आल्या. त्यांची बोली भाच्यालाही जड जात होती, तरी त्याने सांगितलं ते असं: हिवाळाभर मेंढ्या गोठ्यात एकाच जागी असतात, त्यांच्या पायांखाली लेंड्यांचा थर तुडवून घट्ट होतो. वसंतात तो फावड्याने विटांसारखा कापायचा आणि उन्हावाऱ्यात वाळवायचा. झाडं नाहीत, मग चुलीला दुसरं काय? गाईचं शेण कुरणाला, मेंढीचं चुलीला. आता सरपण रस्त्याने येतं, पण आईच्या वेळचा हा ढीग त्यांनी मोडला नाही.

आमच्याकडे धनगर रानात मेंढ्या बसवतो, ते लेंडीखतासाठी. इथे तेच खत जाळावं लागलं. त्यामागची गरज मला कुणी समजावून सांगायला नको होती.

मी हाताने शेणी थापून दाखवल्या. बाईंनी लगेच विचारलं, त्यात काय मिसळता? मी म्हटलं, भुसा, काड. पावसात काय करता? मी हुडव्याला बाहेरून शेणाने लिंपतात ते सांगितलं. त्यांनी ते दोनदा समजून घेतलं. दोन बायका कामाचं बोलतात तसं आम्ही बोललो. परतीची बस गेली, पुढची दोन तासांनी होती.

मग भाच्याने गावाच्या नावाचा अर्थ विचारला. युफ म्हणजे खिंड, जू. लॅटिन युगुमपासून आलेला शब्द. बैलाच्या मानेवरचं आपलं जू संस्कृतातल्या 'युग' या शब्दापासून आलं, म्हणजे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मी 'जू', 'जू' म्हणत राहिले आणि बाई 'युफ' म्हणत राहिल्या.

तिथूनच आईला फोन लावला. तासगावात संध्याकाळ झाली होती.

"आई, मेंढीच्या लेंड्यांच्या शेणी पेटतील का गं?"

"पेटतील की. पण धूर लई होईल."

भाच्याने ते बाईंना सांगितलं. त्यांनी काही न बोलता जुन्या स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. छताची लाकडं काळीकुळकुळीत होती.