बँकेची नोटीस आलेलं घर घेताना : माझा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात मी जुने फ्लॅट घेऊन भाड्याने देतो. गेल्या वर्षी एका एजंटाचा फोन आला. "पार्टी अडचणीत आहे, पडेल त्या भावात देईल, उद्याच टोकन टाका." टोकन न टाकता मी आधी भेटायला गेलो.

घर विकणाऱ्या काकांचा छपाईचा धंदा बसला होता. तीन महिन्यांहून जास्त हप्ते थकल्यामुळे खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं होतं आणि ६० दिवसांत पैसे भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ, अशी बँकेची नोटीस आली होती. ते पाकीट त्यांनी टीपॉयवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. घर दोघांच्या नावावर, म्हणून म्हटलं, "काकू, तुम्हीही बसा. किमतीचं नंतर बघू. घाई नेमकी कशाची आहे, ते आधी सांगा."

तेव्हा खरी गोष्ट कळली. मुलगी बारावीला. परीक्षेआधी घर हलवावं लागेल याचीच त्यांना धास्ती होती. आधी येऊन गेलेल्यांनी भाव पाडला होता, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. अशा घरात भाव पाडणं सोपं असतं. मला ते पटत नाही, आणि त्यात व्यवहारही टिकत नाही, कारण माणूस सही करतो आणि चार दिवसांत मन बदलतो.

मी काकांना बँकेकडून कर्ज पूर्ण फेडीचं पत्र मागवायला सांगितलं. त्यात एकूण येणं, ते कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि त्यापुढे रोजचं व्याज किती, हे सगळं असतं. काकांना सर्वात जास्त छळत होती ती ही रोजच्या व्याजाची ओळ. मूळ कागद बँकेत असल्यामुळे माझ्या वकिलांनी इंडेक्स टूवरून, म्हणजे सरकारी दस्तनोंदणीच्या उताऱ्यांवरून, ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च घेतला, पेपरात जाहीर नोटीस दिली, सोसायटीची थकबाकी पाहिली.

सौदा ६४ लाखांना ठरला, बाजारभावापेक्षा थोडा कमी. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा, आकडा मी त्यांच्यासमोरच काढला. हे मूल्यांकन करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असलं, तर फरकावर घेणाऱ्याला कर भरावा लागतो. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो, तेही आधीच सांगितलं. "काका, ६४ हजार कमी मिळाले असं वाटेल, पण ते तुम्हा दोघांच्या पॅनवर जमा दिसतील." हे शेवटच्या दिवशी कळलं की विकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, नोंदवलं. कर्जाची रक्कम काकांच्या हातात न देता डीडीने थेट त्यांच्या कर्जखात्यात भरली. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, तसे ते मिळाले. उरलेली रक्कम खरेदीखताच्या वेळी, आणि खरेदीखत व ताबा परीक्षा संपल्यावर, हे साठेखतातच लिहिलं होतं. तोवर माझे पैसे अडकले, भाडं बुडालं. पण किंमत काढताना तो काळ मी धरलाच होता.

किल्ल्या देताना काकांनी त्याच इमारतीतल्या एका आजींचा नंबर दिला. त्यांनाही विकायचंय, पण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव आहे. तिथे किमतीआधी वारसांची नावं लावण्याचं काम चालू आहे.