संध्याकाळ एक, दावेदार अनेक

२००४ च्या नोव्हेंबर महिन्यात, जेमतेम दोन आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेत दोन ऑनलाइन खेळ बाजारात आले. पहिला ‘एव्हरक्वेस्ट २’. तो सोनीच्या ऑनलाइन विभागाचा, म्हणजे त्या वेळच्या पाश्चात्त्य बाजारातील अनभिषिक्त राजाचा वारसदार होता. दुसरा ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझार्डचा नावलौकिक मोठा होता, पण तो ‘डायब्लो’ आणि ‘स्टारक्राफ्ट’सारख्या खेळांमुळे; हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतात आणि आपण संगणक बंद केल्यावरही जे चालूच राहते, असे जग सांभाळण्याचा अनुभव तिच्या गाठीशी नव्हता. तरीही वर्षभरात निकाल लागला होता. डिसेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टचे वर्गणीदार ५० लाखांवर पोहोचले आणि सोनीचा वारसदार जाणकारांपुरता उरला.

हा बाजार मी खेळाडू म्हणून आणि वाचक म्हणून बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्यातील वर्चस्वाच्या लढाया उत्तम खेळ विरुद्ध सुमार खेळ अशा क्वचितच झाल्या, असे माझे मत झाले आहे. नेमबाजीचे खेळ माणूस एका वेळी तीन-चार खेळू शकतो, पण हजारोंच्या अशा सामायिक जगाचा, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमएमओ’ म्हणतात, तो खेळ रोजची संध्याकाळ मागतो, आणि संध्याकाळ एकच असते. त्यामुळे येथे दुसऱ्या क्रमांकाला मिळणारा वाटा इतर बाजारांच्या मानाने फारच थोडा असतो.

वॉरक्राफ्टपूर्वी हा बाजार किती लहान मानला जात असे, हे आज लक्षात येणे कठीण आहे. १९९७ साली आलेल्या रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने एक लाख वर्गणीदारांचा टप्पा गाठला तेव्हा तो चमत्कार वाटला. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ने त्याला मागे टाकले, तरी त्याचाही आकडा पाच लाखांच्या आसपासच राहिला. दक्षिण कोरियात मात्र एनसीसॉफ्टचा ‘लिनिएज’ १९९८ पासून, तासाच्या भाड्याने चालणाऱ्या ‘पीसी बांग’ नावाच्या सायबर कॅफेंच्या जोरावर, याच्या कितीतरी पट लोकांना खेळवत होता. पण अमेरिकन कंपन्यांनी ते कोरियाचे वेगळेपण म्हणून बाजूला ठेवले. बाजार एवढाच आहे, मग त्यातले खेळाडू एकमेकांकडून पळवायचे, असा त्यांचा हिशेब होता.

ब्लिझार्डने तो हिशेबच मोडला. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मेलात तर कमावलेला अनुभव कमी होई, आणि आपले सामान आपल्याच प्रेतावर राहिल्यामुळे ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावे लागे. जुन्या खेळाडूंना त्याचा अभिमान होता, नव्यांना धास्ती. वॉरक्राफ्टमध्ये मरणे स्वस्त होते. एकट्या माणसालाही शेवटच्या लेव्हलपर्यंत जाता येईल इतकी कामे, म्हणजे क्वेस्ट, वाटेत मांडून ठेवली होती. चित्रे भडक, व्यंगचित्रांच्या वळणाची होती, त्यामुळे साध्या संगणकावरही खेळ चाले. ‘एव्हरक्वेस्ट २’ने नेमके उलट केले होते: येऊ घातलेल्या शक्तिशाली संगणकांचा विचार करून त्याचे जग रंगवले गेले, आणि ते त्या वेळच्या संगणकांवर अडखळू लागले. थोडक्यात, सोनीने आधीच्या खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवले आणि ब्लिझार्डने या प्रकाराचा खेळ कधीही न खेळलेल्यांना.

ऑक्टोबर २०१० मध्ये वॉरक्राफ्टने १ कोटी २० लाखांचा आकडा जाहीर केला. या आकड्यात एक मेख होती, ती क्वचितच सांगितली जाते. चीनमधील खेळाडू महिन्याची वर्गणी भरत नसत, ते तासांच्या हिशेबाने वेळ विकत घेत, आणि गेल्या तीस दिवसांत खेळलेला असा प्रत्येक जण वर्गणीदारांत धरला जाई. म्हणजे अमेरिकेतील महिन्याचे १५ डॉलर आणि चीनमधील काही तासांचे पैसे एकाच रांगेत मोजले जात होते. तरीही कोणताही प्रतिस्पर्धी त्याच्या जवळपास नव्हता, हे खरेच.

२००८ पासूनची सहा-सात वर्षे, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ‘वॉव’ या लघुरूपावरून बनलेल्या, ‘वॉव किलर’ या शब्दाची होती. पैसा असलेल्या प्रत्येक कंपनीला वॉरक्राफ्टला संपवणारा खेळ काढायचा होता, आणि त्यासाठी बहुतेकांनी वॉरक्राफ्टचीच नक्कल केली. सप्टेंबर २००८ मध्ये ‘वॉरहॅमर ऑनलाइन’ आला. ऑक्टोबरपर्यंत त्याच्याकडे आठ लाख नोंदणीकृत खेळाडू होते, पण वर्षअखेरीस पैसे भरणारे तीन लाखांच्या थोडे वर उरले. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १३ नोव्हेंबरला वॉरक्राफ्टची दुसरी पुरवणी, म्हणजे मूळ खेळात भर घालणारा वेगळा विकलेला भाग, बाजारात आली आणि पहिल्या चोवीस तासांत तिच्या २८ लाख प्रती खपल्या. प्रतिस्पर्धी बाजारात उतरला की काही आठवड्यांत आपल्या जुन्या खेळाडूंना परत बोलावणारे काहीतरी बाहेर काढण्याइतकी ताकद ब्लिझार्डजवळ होती.

त्या काळात मी पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर खेळत असे, कारण भारतासाठी वॉरक्राफ्टचे वेगळे सर्व्हर कधीच नव्हते. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाईट असे आणि रेडची, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमेची, वेळ आपल्याकडच्या मध्यरात्रीकडे सरके. आमच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या कायमच्या गटातले, बरेच जण दर वर्षी एखाद्या नव्या खेळाकडे मोठ्या उत्साहाने जात. दोन-तीन महिन्यांनी एकेक जण, काहीही न बोलता, पुन्हा यादीत दिसू लागे. तेथील खेळ वाईट होता, असे त्यांच्यापैकी फार थोडे म्हणाले. तेथे ओळखीचे कोणी राहिले नव्हते, ही खरी तक्रार होती. सुरुवातीच्या वॉरक्राफ्टमधील मोठ्या रेडला चाळीस माणसे लागत, त्यांच्या वेळा जुळवाव्या लागत, कोणी काय करायचे हे महिनोन्‌महिने बसवावे लागे. असा गट दुसरीकडे न्यायचा म्हणजे एकट्याचे बिऱ्हाड हलवून भागत नाही, अख्खी आळी उठवावी लागते. नव्या खेळाचे चित्र कितीही सुंदर असले तरी हे काम त्याला करता येत नाही, आणि जाहिरातीच्या खर्चाने तर मुळीच नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकवून गेलेला खेळ म्हणजे डिसेंबर २०११ मधील ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’. बायोवेअरसारखा कथाकथनात मुरलेला संच, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा पैसा आणि जगप्रसिद्ध नाव, असे सगळे त्याच्याजवळ होते. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख खेळाडू आले, फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने १७ लाख वर्गणीदार जाहीर केले, मे महिन्यात ते १३ लाखांवर आले आणि नोव्हेंबरमध्ये खेळ फुकट करावा लागला. त्यातील प्रत्येक पात्राचे प्रत्येक वाक्य अभिनेत्यांकडून बोलून घेतले होते. ती त्याची शोभा होती आणि तीच त्याची अडचणही, कारण खेळाडू ती कथा काही आठवड्यांत संपवत आणि तशीच नवी कथा तयार करायला कित्येक महिने व अफाट खर्च लागे. कथा संपल्यावर करायचे काय, याचे उत्तर वॉरक्राफ्टजवळ सात वर्षांत साठले होते, नव्या खेळाजवळ ते पहिल्या दिवशी असणे शक्यच नव्हते. २०१४ च्या ‘वाइल्डस्टार’ने चाळीस माणसांचे जुने कडक रेड परत आणून कट्टर खेळाडूंना हाक मारली, पण कट्टर म्हणवणारे संख्येने फार थोडे निघाले आणि २०१८ मध्ये तो बंद झाला.

याच काळात वर्गणीची पद्धतही ढासळत गेली. कोरियातून आलेली ‘खेळ फुकट, सजावट विकत’ ही रीत हळूहळू बहुतेकांनी उचलली, ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ मध्ये वर्गणी घेतलीच नाही, आणि ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने वर्षभरातच, मार्च २०१५ मध्ये, ती सक्तीची ठेवली नाही. खेळाडूच्या खिशावरची स्पर्धा त्यामुळे सैल झाली. वेळेवरची मात्र तशीच राहिली.

वॉरक्राफ्टपुढच्या या पराभवांना अपवाद एकच, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१० मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की कंपनीने जाहीर माफी मागितली आणि काही काळ वर्गणी घेणेच थांबवले. डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे दिली गेली. त्यांनी चालू खेळाची डागडुजी करत करत पडद्यामागे संपूर्ण नवा खेळ बांधायला घेतला, नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला चंद्र कोसळून जुने जग नष्ट होते असे कथेतच दाखवून सर्व्हर बंद केले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तोच खेळ नव्याने उभा केला. वॉरक्राफ्टकडून शिकल्याचे योशिदांनी कधी लपवले नाही. मला मात्र त्यांची दुसरीच एक भूमिका अधिक महत्त्वाची वाटते. नवे भाग आले की या, ते खेळून झाले की वर्गणी थांबवून दुसरे खेळ खेळा, मग पुन्हा या, असे त्यांनी खेळाडूंना उघडपणे अनेकदा सांगितले आहे. प्रत्येक संध्याकाळवर हक्क न सांगणारा हा पहिला मोठा दावेदार. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या नव्या पुरवणीसाठी सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की कंपनीला काही आठवडे खेळाची विक्रीच थांबवावी लागली.

दरम्यान ब्लिझार्डने नोव्हेंबर २०१५ मध्ये ५५ लाखांचा आकडा देऊन यापुढे वर्गणीदारांची संख्या सांगणार नसल्याचे जाहीर केले. घसरण लपवण्याचा हा सरळ मार्ग होता, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. गंमत अशी की ब्लिझार्डला त्या वर्षांत हैराण करणारा प्रतिस्पर्धी बाहेरचा नव्हताच. काही चाहत्यांनी परवानगीशिवाय ‘नॉस्टॅल्रियस’ नावाचा सर्व्हर चालवून २००६ च्या सुमाराचा वॉरक्राफ्ट जसाच्या तसा जिवंत ठेवला होता. कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला, पण त्याच्या बाजूने दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तुम्हाला जुना खेळ हवा आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात तो नको आहे, अशा अर्थाचे उत्तर ब्लिझार्डच्या एका अधिकाऱ्याने चाहत्यांच्या २०१३ च्या मेळाव्यात दिले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ काढला आणि त्यात शिरण्यासाठी खेळाडूंना तासन्‌तास रांगेत थांबावे लागले.

इतके सगळे घडून गेल्यावर ॲमेझॉनने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ आणला. संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक खेळाडू, आणि मग तीच ओळखीची उतरण. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने त्यासाठी नवे काही तयार करणे थांबवत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅगेक्सचा ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’, म्हणजे २००७ मधील खेळाची २०१३ साली परत आणलेली, ठोकळेबाज चित्रांची आवृत्ती, एका वेळी दोन लाखांहून अधिक खेळाडूंचा स्वतःचा उच्चांक नोंदवत होती. तो फोनवरही चालतो, आणि त्यात नवे काय घालायचे यावर खेळाडूंचे मतदान होते. नुसत्या बहुमताने तेथे भागत नाही. ठराव मंजूर व्हायला पूर्वी पंचाहत्तर टक्के मते लागत, आता सत्तर लागतात.