रायफलच्या नळीवर आटे पाडल्याने नेम बिघडतो का? माझा अनुभव

टेक्सासात माझ्या रेमिंग्टन ७०० रायफलला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसणारा, धक्का कमी करणारा तुकडा) लावून घेतला. कॅलिबर .३०८ विंचेस्टर, जाड नळी, तोंडाशी २०.८ मिमी. तो बसवायला नळीच्या टोकाला बाहेरून पाडलेले आटे ५/८-२४, म्हणजे व्यास ५/८ इंच (१५.८७५ मिमी) आणि इंचाला २४ आटे. त्यामुळे खांदा, म्हणजे आट्यांमागची सपाट कड, चहूबाजूंनी जवळपास अडीच मिमी उरला. ब्रेक सरळ बसतो तो या खांद्यावर टेकून. आटे त्याला नुसते ओढून धरतात. बारीक शिकारी नळी तोंडाशी १६.५ मिमीच्या आसपास असते. तिच्यावर हेच आटे पाडले तर खांदा ०.३ मिमीच राहतो. अशा नळीच्या भानगडीत पडू नये.

गनस्मिथला विचारायचा प्रश्न एकच: नळी केंद्रात आणताना डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) कुठे लावता? नळीचं भोक बाहेरच्या अंगाच्या बरोबर मध्यात असेलच असं नाही, त्यामुळे ‘बाहेरून’ हे उत्तर आलं की दुसरं दुकान बघावं. लेथच्या फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांची पकड) पुढचं टोक, मागे स्पायडर (स्क्रूंनी नळी जुळवणारी पकड), आणि डायलची लांब सुई थेट आतल्या रायफलिंगवर (भोकातल्या पीळदार खाचांवर). रनआउट (फिरताना भोकाचं डगमगणं) ०.०१ मिमीच्या आत आला की मगच टूल लावायचं. हाताने डाय (आटे कापायचं साधन) फिरवून पाडलेले आटे सहज तिरके जातात. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा अर्धा-पाऊण मिमीच मोठं असतं. तिरकेपणा थोडा जरी वाढला तरी गोळी घासते. म्हणून ब्रेक कसल्यावर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, अलाइनमेंट रॉड (भोकात घट्ट बसणारी सरळ सळई) घालून बघायचाच.

क्राऊन, म्हणजे गोळी बाहेर पडते ती भोकाची कड, त्याच सेटिंगमध्ये नवा काढून घ्यावा. ‘आटे पाडले आणि ग्रुप (निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका) सुधारला’ म्हणणाऱ्यांचा बहुधा जुना, दुखावलेला क्राऊन गेलेला असतो. कापसाची काडी आतून बाहेर कडेवर ओढायची. धागा अडकला तर बर (कापताना उरलेली धातूची बारीक धार) राहिली आहे.

खरी भीती ताणाची. बटन रायफलिंगच्या (कठीण बटन भोकातून ओढून खाचा दाबलेल्या) नळीत ताण उरलेला असेल, तर बाहेरचा धातू काढल्यावर तोंडाशी भोक किंचित मोठं होतं. हे तपासायला मऊ शिशाचा स्लग (भोकात घट्ट बसणारा गोळा) चेंबरकडून रॉडने हळू ढकलायचा. शेवटच्या इंचात तो एकदम सैल पळाला, तर आट्यांचा भाग कापून टाकून नवा क्राऊन काढणं एवढाच इलाज.

आता गोळीबार. टोकाला वजन आलं की नळीची थरथर बदलते, मारा सरकतो. तो बिघाड नव्हे, स्कोप पुन्हा जुळवायचा. आधी आणि नंतर एकाच लॉटची १६८ ग्रेन वजनाची गोळी, १०० यार्ड, पाच-पाच गोळ्यांचे बरेच ग्रुप. तीन गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काही कळत नाही. माझा मारा खाली सरकला, ग्रुप होता तेवढाच राहिला.

ब्रेक काढून आट्यांवर नुसतं टोपण लावलं तर झिरो (स्कोपची जुळणी) पुन्हा वेगळा. हे टोपण गोळीबारात हळूहळू सैल होतं. ग्रुप अचानक पसरला तर स्कोपला हात लावण्याआधी ते बघावं.